पाठीवरचा स्टोव्ह, पेटीतला स्टोव्ह

२ नोव्हेंबर

ही वही सुरू करायला कारण गेल्या वर्षीचं वादळ. अडीच दिवस वीज नव्हती. घरातली शेगडी विजेवरची, म्हणजे तीही बंद. डोंगरात नेतो तो छोटा गॅस स्टोव्ह माळ्यावरून काढला, कॅनिस्टरवर, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यावर, फिरवून बसवला, आणि जोडापाशी फुसफुस ऐकू आली. पाठोपाठ वास. उजेडात धरून पाहिलं तर आतली रबरी रिंग वाळून चिरली होती. कॅनिस्टर कानाजवळ नेऊन हलवला, तळाशी जेमतेम घोटभर काहीतरी डुचमळलं. रिंग धड असती तरी तेवढ्यात भागलं नसतं. पिण्याचं पाणी भरून ठेवलेलं होतं म्हणून निभावलं. पण आई तेव्हा आजारी होती आणि अडीच दिवस तिला सगळं गार खावं लागलं. ते अजून मनातून जात नाही.

मला हवंय ते असं: एकच स्टोव्ह, दादाबरोबर डोंगरात जाताना पाठीवर नेता येईल आणि एरवी संकटकाळच्या पेटीत तयार राहील. या वेळी कागदावरचे गुण वाचून घ्यायचा नाही. पेटवून, मोजून, वाऱ्यात आणि थंडीत बघून घ्यायचा.

५ नोव्हेंबर

स्टोव्हच्या आधी इंधनाचा हिशेब केला. स्टोव्ह एकदाच घ्यायचा असतो, इंधन दर वेळी वाहायचं आणि साठवायचं असतं.

एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. ब्युटेन-प्रोपेनच्या मिश्रणातून ग्रॅमला साधारण ४५ किलोज्यूल मिळतात. सगळी उष्णता पाण्यात उतरली असती तर साडेसात ग्रॅम गॅस पुरला असता. तसं होत नाही, जवळजवळ निम्मी भांड्याच्या कडेने वर निघून जाते. म्हणून लिटरला १३ ते १५ ग्रॅम धरून चालायचं. रॉकेलही गॅसच्या जवळपास, ग्रॅमला ४३. हेक्झामिन या घन इंधनाच्या वड्या ३०. स्पिरिटमध्ये इथेनॉल असेल तर २७, मिथेनॉल असेल तर फक्त २०. म्हणजे स्पिरिटचा बर्नर कितीही हलका असला तरी तेवढ्याच पाण्यासाठी इंधन पावणेदोनपट किंवा जास्तच न्यावं लागतं. एका रात्रीच्या मुक्कामाला बर्नरचं हलकेपण जिंकतं. चार-पाच दिवस झाले की बाटलीचं वजन ते खाऊन टाकतं.

बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर हिशेबच पालटतो. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल, आणि ते पाणी उकळायला आणखी ४१९. एकूण ७५३, म्हणजे साध्या पाण्याच्या सव्वादोनपट.

९ नोव्हेंबर

पहिली मोजणी. गच्चीचा तीन बाजूंनी बंद कोपरा, वारा नाही. तेच भांडं, तेच झाकण, प्रत्येक वेळी अर्धा लिटर पाणी, तापमापीवर २० अंश. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. जुन्या स्टोव्हची रिंग बदलली, जोडाला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले नाहीत, मगच काडी ओढली.

गॅस: ३ मिनिटं १० सेकंदांत खळखळ उकळी, ७ ग्रॅम खर्च. झाकण काढून पुन्हा केलं तर ९ ग्रॅम. ज्योत निम्म्यावर ठेवून झाकणासह केलं तर ५ मिनिटं लागली, पण गॅस ६ ग्रॅमच. इतकी वर्षं आम्ही चावी पूर्ण उघडून स्टोव्ह भरभरवत होतो. भांड्याच्या बुडाबाहेर गेलेली ज्योत हवा तापवते, पाणी नाही.

स्पिरिट: ८ मिनिटं, १४ ग्रॅम. आवाज अजिबात नाही, आणि याचं मला फार अप्रूप वाटलं. पितळी वाटी, भोवती भोकांची रांग, फिरणारा एकही भाग नाही, म्हणजे बिघडायलाही काही नाही. ट्रँगिया ही स्वीडिश कंपनी १९२५ सालची आणि असा बर्नर, वाराकवच आणि भांडी यांचा त्यांचा संच १९५१ पासूनचा. फारसा बदल न होता तो अजून चालतो, यात नवल नाही. पण उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. आज मला तो विझला असं वाटलं आणि मी बाटली हातात घेतली होती. दादाने मनगट धरलं. जळत्या किंवा गरम वाटीत स्पिरिट ओतलं तर ज्योत धारेवरून उलटी बाटलीत शिरते. यापुढे नियम असा: वाटीवर हात आडवा धरून धग लागत नाही ना ते बघायचं, वाटी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मगच ओतायचं.

वड्या: १४ ग्रॅमची एक वडी, ११ मिनिटांत कशीबशी उकळी, आणि लगेच वडी संपली. भांड्याच्या बुडाला तपकिरी चिकट थर, वास माशासारखा. एस्बिट नावाने या वड्या १९३६ मध्ये जर्मनीत आल्या. सांडत नाहीत, गळत नाहीत, कोरड्या पाकिटात वर्षानुवर्षं राहतात. जेवण करायला नकोत, पण तळाशी पडून राहणारी शेवटची सोय म्हणून चांगल्या.

१५ नोव्हेंबर

आज वारा. टेबलपंखा मधल्या वेगावर, स्टोव्हपासून दोन हातांवर.

गॅसने ११ मिनिटं घेतली, तरी उकळी नाही. १९ ग्रॅम जळल्यावर मीच बंद केला. वारा नसताना ७ ग्रॅममध्ये होणारं काम अडीचपट गॅस खाऊनही झालं नाही. स्पिरिटची ज्योत तर एका बाजूला लोळली आणि वाटीची कडच तापवत बसली.

मग आडोसा. इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवते, कारण नवीन माणूस ही चूक हमखास करतो. बर्नर थेट कॅनिस्टरच्या डोक्यावर बसत असेल, तर पत्र्याचं कवच चारही बाजूंनी गुंडाळायचं नाही. आत कोंडलेली धग कॅनिस्टर तापवते, दाब वाढत जातो आणि तो फुटू शकतो. कवच फक्त वाऱ्याच्या बाजूला, निम्म्या गोलापुरतं, थोडं लांब. मधूनमधून कॅनिस्टरला हात लावायचा, चटका बसत असेल तर स्टोव्ह बंद. असा अर्धा आडोसा लावला आणि ४ मिनिटांत, ८ ग्रॅममध्ये उकळी आली. बर्नर वेगळा आणि कॅनिस्टर नळीने लांब जोडलेला असेल, तर मात्र बर्नरभोवती पूर्ण कवच चालतं. तो प्रकार जड, पण बुटका आणि स्थिर.

२३ नोव्हेंबर

काटक्यांचा दुपदरी स्टोव्ह. काटक्या सुक्या होत्या तेव्हा सुरेख जळल्या, रात्री पाऊस पडून गेल्यावर अर्धा तास नुसता धूर. इंधन वाहावं लागत नाही हा गुण मोठा, पण सतत काटक्या घालत बसावं लागतं आणि भांडं काळं होतं. शिवाय वणव्याच्या दिवसांत पुष्कळ जंगलांत उघडी आग बंद असते आणि चावीने ताबडतोब विझवता येईल असाच स्टोव्ह चालतो. त्या नियमात काटक्या बसत नाहीत, आणि अनेकदा स्पिरिट आणि वड्याही नाहीत. बाद.

७ डिसेंबर

या प्रयोगाची मी वाट बघत होते. दोन कॅनिस्टर: एकात नुसतं ब्युटेन, दुसऱ्यात आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण. दोन्ही गच्चीवर बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात तासभर उभे ठेवले.

ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं. आयसोब्युटेन उणे १२ च्या सुमारास, प्रोपेन उणे ४२ ला. कॅनिस्टरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ झाली तरच ती वर बर्नरकडे येते. पुस्तकातले हे आकडे आज डोळ्यांनी पाहिले. मिश्रणाचा स्टोव्ह निळा आणि भरभरून पेटला. ब्युटेनची चावी पूर्ण उघडली तरी करंगळीच्या नखाएवढी ज्योत, ती थरथरली आणि मिनिटभरात गेली. कॅनिस्टर हलवला तर आत गॅस डुचमळत होता. तो असून नसल्यासारखा होता.

दुसरी गोष्ट अशी की वाफ होताना द्रव स्वतःच गार होत जातो. घमेल्यातून बाहेर काढून मिश्रणाचा कॅनिस्टर दहा मिनिटं चालवला, तर आतल्या द्रवाच्या उंचीपर्यंत बाहेरून दवाचा पट्टा उमटला आणि मग त्याचं पांढरं हिव झालं. बोटाने खरवडता येत होतं. म्हणजे बाहेर आठ अंश असले तरी आत त्याहून बरंच कमी. त्यात प्रोपेन आधी उडून जातं, मागे ब्युटेनचं प्रमाण वाढत जातं, म्हणून थंडीत अर्धा संपलेला कॅनिस्टर नव्याहून मंद चालतो. कडक थंडीवर उपाय म्हणजे कॅनिस्टर उलटा धरून द्रवच नळीने बर्नरकडे नेणं. पण त्यासाठी ज्योतीतून जाणारी, द्रव तापवणारी नळी असलेलाच स्टोव्ह हवा. साध्या स्टोव्हचा कॅनिस्टर उलटा केला तर आगीचा लोळ उठतो.

एक गंमतीची बाब दादाने दाखवली. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून गॅसही लवकर उकळतो. ५,००० मीटरवर ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे १७ च्या आसपास जातो. म्हणजे उंची थोडी मदतच करते, जीव घेते ती थंडी.

१४ डिसेंबर

दादाच्या मित्राकडून पंपाचा रॉकेल स्टोव्ह उसना आणला. इंधनाची बाटली वेगळी, बर्नर नळीने जोडलेला. ही मांडणी १९७३ मध्ये एमएसआर या अमेरिकी कंपनीने आणली. टाकी ज्योतीपासून लांब गेली, म्हणून बर्नरभोवती पूर्ण कवच लावता येतं.

मी पंप मारला, वाटीत थोडं इंधन घेऊन पेटवलं आणि घाईने चावी उघडली. हातभर पिवळी ज्योत, काजळी, न जळलेल्या रॉकेलचा वास. चावी बंद केली तोवर आई दारात येऊन उभी होती.

"अगं, तापलाच नाही तो अजून. काकडा विझत आला की मगच चावी उघड."

ती लहानपणी घरचा पितळी स्टोव्ह पेटवायची. तिने माझ्या हातून काम घेतलं. वाटीत थोडं स्पिरिट घेतलं, रॉकेल नाही, त्याने काजळी धरत नाही. ज्योत बर्नरभोवती खेळू दिली आणि ती शेवटचे आचके देत असताना चावी पाव फेरा उघडली. आधी एक उसासा आल्यासारखा आवाज, मग निळं वेटोळं, मग तो सलग घरघराट. ज्योत जरा उड्या मारत होती, तर म्हणाली, पिन मार. जेटमध्ये, म्हणजे वाफ बाहेर येते त्या बारीक भोकात, पिन घातल्यावर ज्योत सरळ झाली. पंपाचा दट्ट्या सुका लागत होता, त्याच्या चामड्याच्या वायसरला तिने तेलाचा थेंब लावला. पाच मिनिटांत तिने मला जे शिकवलं ते माहितीपत्रकात चार पानं होतं.

रॉकेल द्रवरूपात नीट जळत नाही. तापलेल्या नळीत त्याची वाफ व्हावी लागते आणि ती बारीक जेटमधून हवेत मिसळावी लागते, तेव्हा निळी ज्योत. बिनवातीचा, काजळी न धरणारा हा प्रकार फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी स्वीडनमध्ये १८९२ साली केला, तोच प्रायमस. नान्सेन आणि अमुंडसेन हे नॉर्वेचे संशोधक ध्रुवाकडे निघाले ते प्रायमस घेऊन, आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता. गॅस जिथे आजारी पडतो तिथे हा पंपाने स्वतःचा दाब तयार करतो, म्हणून बर्फातल्या लांब मोहिमांना अजून हाच.

अर्धा लिटर: ४ मिनिटं, रॉकेल ८ ग्रॅम, तापवायला लागलेलं स्पिरिट वेगळं. पेट्रोलवर चालणारेही असतात, पण त्यांचा जेट वेगळा आणि पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांतही पेट घेऊ शकते. रॉकेलला त्यासाठी ३८ अंशांच्या वर जावं लागतं. घरात साठवायचंच असेल तर रॉकेल. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होऊन जेट चोंदवतं, तेही आहेच.

स्टोव्ह परत केला. मन लागलं होतं त्यात. पण आमचे मुक्काम दोन-तीन रात्रींचे, त्याला हा फार झाला.

२१ डिसेंबर

कार्बन मोनॉक्साइड. कोणताही स्टोव्ह घेतला तरी ही नोंद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवणार.

हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, आणि माणूस थकलोय समजून झोपून जातो. रिचर्ड बर्ड १९३४ मध्ये अंटार्क्टिकात हिवाळाभर एकटे राहिले होते. स्टोव्हच्या नीट बाहेर न जाणाऱ्या धुराने ते मरता मरता वाचले, आणि ते तर तयारीनिशी गेलेले अनुभवी संशोधक होते.

म्हणून तंबूच्या आत स्टोव्ह नाही, पाऊस असला तरी नाही. घरात वीज गेलेली असताना उघड्या खिडकीशी, शक्य तर गच्चीत. खोली गरम करायला कधीही नाही. बॅटरीवर चालणारा इशारायंत्राचा डबा पेटीत हवाच. आणि ज्योत पिवळी, टोकाला काजळी धरणारी दिसली की स्टोव्ह बंद करून कारण शोधायचं.

२८ डिसेंबर

दोन रात्री डोंगरात. मिश्रणाचा २३० ग्रॅमचा कॅनिस्टर, दाब सांभाळणारी झडप असलेला नवा छोटा स्टोव्ह, अर्धा आडोसा. पहाटे उणे ४. रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवला होता, सकाळी ज्योत पहिल्या काडीला धरली. काडीलाच, कारण स्टोव्हची खटकी दवाने ओली होऊन ठिणगी देईना. काड्यांची पेटी दोन पिशव्यांत गुंडाळून दोन ठिकाणी ठेवायची सवय सार्थकी लागली.

दोघांचं मिळून सात लिटर पाणी उकळलं. परत येऊन काट्यावर ठेवला: ९७ ग्रॅम कमी. लिटरला १४ ग्रॅम, हिशेबाला धरून. डोंगरासाठी शोध संपला. विमानाने जायचं असेल तर इंधन तिथे पोचल्यावरच घ्यावं लागेल. गॅस, स्पिरिट, वड्या, काहीही विमानात नेता येत नाही, आणि वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास राहिला तर तोही अडतो.

५ जानेवारी

संकटकाळची तालीम. संध्याकाळी सात वाजता मुख्य बटण बंद केलं, पेटी आईपुढे ठेवली आणि आम्ही दोघं गप्प बसलो. पेटीत तोच डोंगरातला स्टोव्ह.

पाय कसे उघडायचे ते तिला बॅटरीच्या उजेडात दिसेना. स्टोव्ह कॅनिस्टरवर बसवताना आटा तिरका गेला, पुन्हा काढावा लागला. शेवटी पेटला. मग तिने घरचं तीन लिटरचं पातेलं भरून वर ठेवलं. साहजिकच, चार माणसांना पाणी लागणार असेल तर कोण अर्ध्या लिटरचं भांडं घेईल? तीन बारीक पायांवर पातेलं क्षणभर राहिलं आणि सावकाश कललं. दादाने चावी बंद केली, पाणी फरशीवर गेलं. ते कोमट होतं, कोणाला भाजलं नाही. दहा मिनिटांनी कललं असतं तर ते उकळतं असतं.

आई म्हणाली, "तुझा स्टोव्ह चांगला आहे गं. पण तो तुझ्या हाताचा आहे."

एकच स्टोव्ह ही माझी अट चुकली होती. डोंगरात ७५ ग्रॅमचा स्टोव्ह हवा, कारण तो मी वाहते, तो मीच पेटवते आणि भांडं लहान असतं. पेटीतल्या स्टोव्हचं वजन कोणी विचारत नाही. तिथे प्रश्न असे: अंधारात, घाबरलेल्या, कधीतरीच हात लावणाऱ्या माणसाला पेटेल का? मोठं पातेलं पेलेल का? वर्षभर पडून राहिल्यावर चालेल का?

१९ जानेवारी

पेटीसाठी टेबलावरचा कॅसेट स्टोव्ह घेतला. बुटका, रुंद, चार पाय जमिनीला लागून, कॅसेट, म्हणजे गॅसचा लांबट डबा, आडवी बसते, खाच जुळली की दांडी खाली करायची आणि घरच्या शेगडीसारखी चावी फिरवायची. कॅसेटमधला दाब फार वाढला तर गॅस आपोआप तुटतो. यात बहुतेक नुसतं ब्युटेन असतं, म्हणजे गोठत्या थंडीत उपयोग नाही. घरात खिडकीपाशी तो प्रश्न येत नाही. कॅसेटच्या कप्प्यावर येईल एवढं रुंद भांडं ठेवायचं नाही, दोन स्टोव्ह चिकटून लावायचे नाहीत.

इंधन किती? चार माणसं, तीन दिवस. प्यायचं पाणी माणशी दोन लिटर उकळायचं ठरवलं तर रोज आठ लिटर, १२० ग्रॅम. तीन दिवसांचे ३६०, वर जेवण गरम करायला तेवढेच धरले. २२० ग्रॅमच्या चार कॅसेट ठेवल्या. निर्जंतुक करायला पाणी खळखळ उकळल्यावर एक मिनिट पुरतं, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. त्याहून जास्त उकळणं म्हणजे नुसता गॅस जाळणं. सोबत स्पिरिटचा पितळी बर्नर, अर्धा लिटर स्पिरिट आणि वड्यांचं एक पाकीट, कॅसेट संपल्या किंवा गंजल्या तर.

आज दुसरी तालीम. दिवे बंद. पेटी उघडण्यापासून ज्योत पेटेपर्यंत आईला दोन मिनिटं वीस सेकंद. पातेलं हललं नाही. तिने एकच तक्रार केली, काड्यापेटी तळाशी होती. ती झाकणाच्या कप्प्यात आणली. प्रत्येक कॅसेटचं भरलेलं वजन काट्यावर बघून मार्करने तिच्यावर लिहिलं, जादा रबरी रिंगा वेगळ्या पुडीत ठेवल्या. पेटी पलंगाखाली, उन्हाच्या आणि शेगडीच्या लांब. झाकणावर आईच्या अक्षरात: पुढची तपासणी १९ जुलै.